चार वाट्या आणि एक काटा

आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद अजून फ्रिजवर आहे, वांग्याच्या आकाराच्या चुंबकाखाली. निळ्या शाईत लिहिलंय: सकाळी पोहे १ वाटी. दुपारी २ फुलके, भाजी १ वाटी, वरण १ वाटी, कोशिंबीर. रात्री भात अर्धी वाटी. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: तेल कमी.

संक्रांत नुकतीच झाली होती. तिळगुळाचे लाडू अजून डब्यात होते. माझं वजन ७४.२ किलो, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी ६.१. ५.७ च्या खाली असेल तर बरं, ६.५ ला मधुमेह, म्हणजे मी मधोमध लोंबकळत होते. डॉक्टर म्हणाले, "पाहुणा दारात उभा आहे, आत घ्यायचा की नाही तुम्ही ठरवा." डॉक्टरांना असं बोलायला आवडत असावं.

कागद महिनाभर पाळला. म्हणजे मला वाटलं, पाळला. एक वाटी म्हणजे एक वाटी. वजन ७३.९.

डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या लेडीज डब्यात वजन हा विषय वर्षाचे बारा महिने चालतो. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या जणी दीक्षित डाएटवाल्या: दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांत उरकायचं. काहींना त्याने खरोखर गुण आला. मीही दोन महिने करून पाहिलं होतं, पण त्या पंचावन्न मिनिटांत माझं दिवसभराचं खाणं व्यवस्थित मावायला लागलं, त्याला कोण काय करणार? त्या डब्यातच एकीने सांगितलं, "तू किचनचा वजनकाटा घे. मी घेतला." तिचं नऊ किलो उतरलं होतं. समोरची लगेच म्हणाली, "नको गं, वेड लागतं त्याने. माझी जाऊ गाजर मोजून खाते." दोघींचंही खरं होतं, पण ते मला नंतर कळलं.

काटा ४४९ रुपयांना आला. पांढरा, पसरट, पुठ्ठ्याच्या फाईलएवढा. पाच किलोपर्यंत चालतो, एक-एक ग्रॅम दाखवतो, दोन बारक्या सेलवर. दोनच बटणं. एक चालू-बंद आणि शून्य करण्याचं, त्याला टेअर म्हणतात: रिकामं भांडं ठेवा, बटण दाबा, आकडा शून्य होतो, मग भांड्यात पडेल तेवढंच वजन दिसतं. दुसरं बटण एकक बदलायचं. हे दुसरं बटण म्हणजे डोकेदुखी. एकदा मुलीचा हात लागून ते औंसावर गेलं आणि मी १०० ग्रॅम पनीर ठेवलं तर ३.५. माझा पहिला विचार काय, तर पनीरवाल्याने फसवलं!

मुलगी अकरावीत, विज्ञान शाखा, त्यामुळे काट्याची परीक्षा तिने घेतली. २०११ सालच्या मालिकेतलं पाच रुपयांचं पिवळं नाणं सहा ग्रॅमचं असतं म्हणे. गल्ल्यातून तसली दहा निवडून काढली, ठेवली. ६०. "पास," ती म्हणाली आणि अभ्यासाला गेली. म्हणजे मोबाइलकडे.

मग मी वाट्या काढल्या. आमच्या मांडणीत चार जातींच्या वाट्या आहेत. एकेक काट्यावर ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, हिशोब सोपा. माझ्या रुखवतातली जाड बुडाची: १८०. कुणीतरी आहेर केलेल्या सेटमधली: १५०. सासूबाईंची नैवेद्याची छोटी: ९५. आणि मुलीची, ज्यात ती लहानपणी वरणभात खायची आणि जी हाताला सोयीची म्हणून मी हल्ली रोज घेते: २४०. कागदावरची एक वाटी यांतली कुठली? बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "साधारण दीडशे मिलिलिटरची धरा." एक महिनाभर मी दीडपट वाटी खात होते, तीही शीग लावून.

दुसऱ्या दिवशी तेल.

हे नीट सांगते, कारण काट्याने मला जर काही दिलं असेल तर ते या एका सकाळी. आमच्याकडे तेलाची बाटली गॅसशेजारी असते, निमुळत्या तोंडाची. कढई तापली की बाटली उचलायची, एक धार सोडायची, मनात जरा पाप वाटलं तर हात आखडता घ्यायचा. मला कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं, चौघांच्या भाजीला दोन छोटे चमचे. चहाच्या चमच्यात तेल साडेचार-पाच ग्रॅम मावतं, म्हणजे दहा ग्रॅम. त्या दिवशी भरलेली बाटलीच काट्यावर ठेवली, शून्य केलं, उचलली, नेहमीसारखी धार सोडली (मुद्दाम कमी करायची नाही असं ठरवलं होतं), बाटली परत ठेवली. आकडा आला उणे ३४.

मी पुन्हा शून्य केलं. मोहरी तडतडून जळायला लागली होती. गॅस बंद केला आणि उभी राहिले.

चौतीस ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. पिठाच्या किंवा साखरेच्या चार. म्हणजे फ्लॉवर-बटाट्याच्या भाजीत भाजीपेक्षा तेलाचेच उष्मांक जास्त. मग दिवसभर हाच खेळ केला. पोह्यांना ३८. आमटीच्या फोडणीला १७. पोळ्यांची घडी घालताना आणि वरून लावायला २४. संध्याकाळच्या उसळीला २९. बेरीज १४२.

रात्री मी वाण्याच्या यादीवरून महिन्याचा हिशोब काढला. महिन्याला एक लिटरच्या पाच पिशव्या. तेल पाण्याहून हलकं, म्हणून एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. इतकी वर्षं मी तो आकडा वाचलाच नव्हता. पाच पिशव्या म्हणजे ४५५० ग्रॅम. तीस दिवस, चार माणसं. माणशी रोज ३८ ग्रॅम, तूप वेगळं, बाहेरचं वेगळं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय ताटाचा जो नमुना दिलाय त्यात तेल-तूप मिळून दिवसाला सुमारे २७ ग्रॅम धरलंय. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "तरीच भाजी चांगली लागते."

१९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता, "आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्या माणसांचा. शरीर खरोखर किती ऊर्जा वापरतं हे प्रयोगशाळेच्या पद्धतीने मोजलं, तेव्हा दिसलं की ती माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होती आणि हालचाल निम्म्याने वाढवून. हे मी वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, खरं सांगते. थायरॉइडच्या तीन तपासण्या करून झाल्या होत्या. मी खोटं बोलत नव्हते. माझं सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चाललं होतं, इतकंच.

उत्साहात माणूस चुका करतो. माझी मोठी चूक भाताची.

दुसऱ्याच आठवड्यात मी ताटातला भात मोजला, १८० ग्रॅम. संस्थेच्या तक्त्यात तांदळाला १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या घरात कॅलरी. गुणाकार केला: सव्वासहाशे! एका वेळच्या भाताला! मी भात बंद केला. आठ दिवस भाताकडे पाहिलं नाही, वरण नुसतं प्यायले, चिडचिड केली, मुलीवर ओरडले, सासूबाईंना उलट बोलले. नवव्या दिवशी ट्रेनमधल्या त्याच मैत्रिणीला सांगितलं तर ती इतकी हसली की शेजारच्या बाईने पेपर खाली घेतला. "अगं, तो आकडा कच्च्या तांदळाचा! भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं."

शंभर ग्रॅम तांदळाचा भात होतो अडीचशे ते तीनशे ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमला १३० कॅलरी. माझा तो १८० ग्रॅम भात म्हणजे २३४. पोळ्यांपेक्षा फार वेगळं काही नाही. तेव्हापासून एक नियम केला: मोजायचं ते कच्चं मोजायचं. तांदूळ, डाळ, कणिक, तेल, कूट. शिजल्यावर कशात किती पाणी राहिलं हे देवालाच माहीत. पोळीचंही तसंच. पन्नास ग्रॅमच्या गोळ्यात पीठ तीसेक ग्रॅमच असतं, बाकी पाणी. भाजताना त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. डब्यातली पोळी वजन करून काही कळत नाही. गोळा मात्र मोजून बघण्यासारखा आहे. मी सलग आठ गोळे मोजले: ३८, ५२, ४४, ५०, ४१, ४७, ५२, ३९. "दोन पोळ्या खाते" या वाक्याला काय अर्थ आहे?

आता उपास. मी गुरुवार करते, लग्नाआधीपासून. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे पूर्वीपासून आहे, पण ती इतकी हिशोबाला धरून असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या एका ताटलीतल्या खिचडीत: साबुदाणा कोरडा ७० ग्रॅम, २४५ कॅलरी. दाण्याचा कूट ३०, म्हणजे १७० च्या आसपास. तूप १२, म्हणजे १०८. थोडा बटाटा, ३०. साडेपाचशे झाल्या आणि अजून दही, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू बाकी आहेत. पोळी-भाजी-वरणाच्या साध्या जेवणाहून उपासाचं ताट जड. उपास सोडला नाही. देवाशी माझा करार वजनाचा नव्हता. पण आता गुरुवारी भगर आणि दाण्याची आमटी करते, कूट मोजून, आणि रात्री दूध-केळं.

कुटाबद्दल एक परिच्छेद हवाच. आपल्या मराठी स्वयंपाकात दाणे कुठे नाहीत ते सांगा. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, मेथीत कूट, गवारीत कूट, आणि चटणी तर नुसती दाण्यांचीच. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. वाईट काहीच नाही त्यात, प्रथिनं आहेत, पोट भरतं. पण मी काकडीची कोशिंबीर "डाएटचं" म्हणून वाडगाभर खायची, आणि त्यात काकडीच्या कॅलरी तीस अन् कुटाच्या दीडशे. शिवाय दाणे भाजताना उभ्याउभ्या तोंडात टाकायचे ते निराळे. एकदा ती मूठ तोंडात न टाकता काट्यावर टाकली: ४१ ग्रॅम. एवढं खाऊन मी त्याला खाणं म्हणतच नव्हते.

साखरेचं थोडक्यात: तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे, माझा चमचा शिगेचा म्हणून सात ग्रॅमचा. दिवसाला ४२ ग्रॅम. एक चमचा केला, तोही सपाट. पंधरा दिवस चहा औषधासारखा लागला, मग लागायचा थांबला.

जे मोजून काहीही हाती लागलं नाही त्याची यादीही मोठी आहे. दुधी शंभर ग्रॅमला जेमतेम पंधरा कॅलरी. पालक, काकडी, कोबी, टोमॅटो, पातळ ताक. यांचं वजन करणं म्हणजे समुद्राचं पाणी पळीने मोजणं. मी ते केलं, महिनाभर. कोथिंबीरसुद्धा मोजली. आता लाज वाटते.

एकत्र स्वयंपाकाचा प्रश्न वेगळा. ज्यांनी हे वजन करून खाण्याचं तंत्र काढलं त्यांच्या ताटात बहुधा एक मांसाचा तुकडा, एक उकडलेला बटाटा आणि चार बीन्स सुट्या पडलेल्या असतात. आपल्याकडे कढईभर उसळ, त्यातली कुणाला एक पळी, कुणाला दोन. यावर युक्ती आहे, थोडी किचकट. रिकाम्या कढईचं वजन एकदा करून ठेवायचं. माझी मोठी कढई १,१४० ग्रॅम, कुकरचं भांडं ३१० ग्रॅम. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलंय. मग मटकीची उसळ करताना जिन्नस मोजले: मटकी २००, तेल २५, सुकं खोबरं २०, कांदा १००, गूळ १०. सगळ्याच्या कॅलरींची बेरीज साधारण ११२०. उसळ झाल्यावर कढईसकट वजन, त्यातून कढई वजा: ८५०. म्हणजे शंभर ग्रॅमला १३२, माझ्या दीडशे ग्रॅमला २०० च्या आत. असे नेहमीचे नऊ पदार्थ तीन आठवड्यांत मोजून घेतले आणि तेही त्या दारावर चिकटवले. एकदा मोजलं की झालं. उसळ दर वेळी थोडी इकडे-तिकडे होते, होऊ दे.

दोन बारीक गोष्टी, कुणी घेणार असेल तर. गरम कढई थेट काट्यावर ठेवू नका, आकडा सरकत राहतो आणि काटाही बिघडतो. खाली लाकडी पाट घ्या आणि त्याचं वजन शून्य करा. आणि तूप थेंब थेंब सोडून मोजू नका. या स्वस्त काट्यांना फार हळू वाढणारं वजन कळत नाही, ते त्याला शून्याचीच डळमळ समजतात. मी ताटातल्या वाटीत चमच्याने हळूहळू तूप सोडत होते आणि काटा आपला शून्यावर ढिम्म. वाटी उचलून परत ठेवली तेव्हा ९ दाखवले. सोयीचा काटा होता तसा.

मार्चअखेर वजन ७०.६. पहिल्या दोन आठवड्यांत जे दोन किलो झपाट्याने गेले त्यात बरंचसं पाणी होतं, हे मी वाचून होते, तरी पेढे वाटावेसे वाटले. आणि इथूनच मी बिघडले.

पाडव्याला नणंदेकडे श्रीखंड-पुरी. मी पर्समध्ये काटा घेऊन गेले. खरंच नेला. आत स्वयंपाकघरात पाणी प्यायच्या निमित्ताने गेले, वाटी ठेवून शून्य करत होते तेवढ्यात नणंद मागे. तिने काही क्षण पाहिलं. मग म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे घास मोजत नाहीत हं." हसत म्हणाली, पण लागलं. आपल्याकडे कुणाचे घास मोजणं हा अपमान. पोळ्या सुद्धा कुणी मोजून वाढत नाही; "किती घेऊ?" असं विचारतो तेही पीठ किती भिजवायचं एवढ्यासाठी. आणि मी दुसऱ्याच्या घरी, सणाच्या दिवशी, स्वतःचेच घास मोजत उभी. काटा पर्समध्ये टाकला. श्रीखंड तीन वेळा घेतलं, रागाने.

तेवढ्यावर शहाणी झाले असते तर बरं होतं. एप्रिलमध्ये मी केळं सालीसकट आणि सालीविना असं दोनदा मोजायचे. ऑफिसातल्या एकीच्या मुलाच्या मुंजीला गेले नाही, कारण पंगतीतलं कसं मोजणार. रात्री झोपताना आकड्यांची बेरीज. वीस कॅलरी जास्त झाल्या तर घरातल्या घरात फेऱ्या.

मग एक दिवस जेवायला बसलो असताना मुलीने भाताची वाटी स्वतः उचलून काट्यावर ठेवली. काटा तेव्हा जेवणाच्या टेबलावरच असायचा, लोणच्याच्या बरणीशेजारी. तिने आकडा बघितला, चमच्याने थोडा भात परत पातेल्यात टाकला, पुन्हा बघितला. कुणाशी काही बोलली नाही. सोळा वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस. मी विचारलं, "काय करतेयस?" ती म्हणाली, "तू करतेस तेच."

त्या रात्री मी जेवले नाही, आणि ते कॅलरींसाठी नव्हतं. दुसऱ्या दिवशी काटा टेबलावरून ओट्यावर गेला, परत तिथून हलला नाही. ताट मोजायचं नाही, वाटी मोजायची नाही. पानात पडलं ते पडलं. मोजायचं ते चुलीवर चढायच्या आधीचं, आणि तिच्यासमोर आकडे उच्चारायचे नाहीत. तिच्याशी बोलले, एकदा नाही, बऱ्याचदा. तिला घेऊन डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी तिचं वजन-उंची पाहून तिलाच सांगितलं की तुला कमी करायचं नाही, वाढवायचंय. महिन्याभरात ती पुन्हा भात कालवून खायला लागली. मी अजून तिच्या वाटीकडे चोरून बघते. खाण्यावरून ज्याच्या मनाला आधीच काही त्रास झालेला असेल, किंवा घरात या वयाची मुलं असतील, त्याने काटा आणायच्या आधी दहादा विचार करावा असं माझं मत आहे. ट्रेनमधली ती दुसरी बाई, गाजरवाली जाऊ सांगणारी, बरोबरच बोलत होती.

मग काट्याचं राहिलं काय? पाच गोष्टी. तेल, कूट, तूप, तांदूळ, साखर. त्याही रोज नाहीत. तेलाची बाटली मी गॅसपासून हलवली आणि माळ्यावरून सासूबाईंचं जुनं तेलाचं भांडं काढलं, झाकणाचं, आत बारकी पळी असलेलं. ती पळी मोजली. भरून आठ ग्रॅम. भाजीला दोन पळ्या, आमटीला एक. सासूबाई म्हणाल्या, "हे मी अडगळीत टाकायला काढलं होतं, तूच म्हणालीस बाटली सोपी पडते." म्हणाले होते.

आता महिन्याला तीन पिशव्या लागतात. २७३० ग्रॅम, माणशी रोज २३. नवऱ्याने पहिले पंधरा दिवस भाजीत तेल शोधलं, मग ऑफिसच्या कँटीनमधल्या भाजीवर तवंग येतो अशी तक्रार करायला लागला. महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, मी पुन्हा धार, मूठ, चमचा मोजून बघते. हात सैल होतो. ऑगस्टमध्ये कूट पुन्हा वाढला होता, श्रावणाचा परिणाम.

वजन मे-जूनमध्ये अजिबात हललं नाही. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो, तेव्हा तेच खाऊन आधीइतकं उतरत नाही. मग रिक्षा सोडली, स्टेशन ते घर चालत येते, पंचवीस मिनिटं. त्यामुळे पुढचं सगळं श्रेय काट्याला देता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ६६.९ आणि एचबीएवनसी ५.७. डॉक्टर म्हणाले, पाहुणा जिना उतरलाय, पण अजून गेटपाशी आहे.

दिवाळीआधी माझी आई आली सांगलीहून, वय ७६. ती आल्यावर ओटा माझा राहत नाही. भरल्या वांग्यांचा मसाला कालवायला बसली. काटा बघून म्हणाली, "हे काय गं, सोनाराचं दुकान?" मी सांगितलं काय ते. तिने ऐकलं, मान हलवली आणि डब्यात हात घालून कूट घेतला. मी म्हटलं, "आई, थांब, ती मूठ इथे टाक." वाटी ठेवली, शून्य केलं. २३ ग्रॅम.

"अजून एक."

२४.

तिने तिसरी मूठ मी न सांगताच टाकली. २३.

माझे पोळीचे गोळे आठवले मला, ३८ पासून ५२ पर्यंत. आईने चष्मा खाली ओढून आकड्याकडे पाहिलं, मग हात झटकले.

"बरोबर आहे की तुझा काटा," ती म्हणाली.